बारावं नाव

मी भांडखोर बाई आहे. सगळं गाव सांगते, अन् खोटं नाही सांगत. अंगणवाडीत मदतनीस होती तेव्हा किडका तांदूळ आला, तर गाडीवाल्याले पोत्यासकट परत पाठवत होती. म्हणून कोणी म्हणेल, कलाबाई आता बी रागातच बोलून राहिली. हो, रागातच आहे. पण हा राग काढू कोणावर, तेच समजत नाही. मंगलाबाईवर काढावा तर जीभ रेटत नाही, स्वतःवर काढावा तर झोप येत नाही.

मंगलाबाई आमच्या अंगणवाडीची सेविका. सिहोऱ्याहून पाच किलोमीटरवर आमचं गाव, अर्धं धानाले पाणी देणाऱ्या नहराच्या अलीकडं, अर्धं पलीकडं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढल्याच वर्षी अलीकडच्या वस्तीले अंगणवाडी मिळाली. मंगलाबाई दहावी पास, नवीनच लग्न होऊन आलेली. तिले सेविका केलं. मी चौथी पास, मले मदतनीस केलं. तिनं लेकरायले शिकवायचं, मी झाडू मारायचा, पाणी भरायचं अन् खिचडी शिजवायची.

मंगलाबाई बौद्ध वस्तीतली. पहिले सहा महिने आमच्या मोहल्ल्यातलं एक लेकरू तिच्यापुढं येऊन बसलं नाही. तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं. "ताप आहे जी", "रडते जी", "मामाच्या गावाले गेला जी". एवढे मामा कुठून आले होते, देव जाणे! माझी सासूच म्हणे, "तू जा झाडू माराले, पण आपलं लेकरू तिथं नको नेऊ." मले लाज वाटे, पण मी बी तेव्हा गप्पच राहिली. आज भांडते म्हणून काय झालं, तेव्हा नाही भांडली, हे सांगून टाकते.

ती मात्र रोज सकाळी दारोदार फिरे. कोणी बस म्हणो की न म्हणो, अंगणात उभी राहून लेकरायची नावं घेई अन् हसून पुढल्या घरी जाई. मंग त्याच वर्षी भर धान रोवण्याच्या दिवसात कवडूच्या बायकोचं बाळंतपण अडलं. रस्त्यावर गुडघाभर पाणी, गावात जीप नाही. मंगलाबाईनं बैलगाडी जुंपायले लावली अन् तिचं डोकं मांडीवर घेऊन सिहोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. अश्वजित, म्हणजे मंगलाबाईचा नवरा, कंदील धरून गाडीच्या पुढं चालला. माय बी वाचली, लेकरू बी वाचलं. दुसऱ्या हप्त्यात कवडूची आई मोठ्या नातवाचं बोट धरून अंगणवाडीत आली अन् त्याले मंगलाबाईपुढं बसवून चालती झाली. तिच्यामागून मंग एकएक करत सगळेच आले. माझी सासू सर्वात शेवटी.

तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लेकराले सहावा महिना लागला की पहिला घास मंगलाबाईच्याच हातचा. आई लेकराले नवीन झबलं घालून आणे, मी मऊ खिचडी घोटून ठेवत होती, अन् मंगलाबाई वाटीतून बोटानं भरवे. कोणाले आपल्या लेकराची जन्मतारीख पाहिजे असली, तर ते पेटीतले कागद शोधत नव्हते, मंगलाबाईले विचारत. तिच्याजवळ सर्व्हेचं मोठं रजिस्टर होतं. कोणत्या घरी कोण जन्मलं, कोणाच्या घरी होणार आहे, सगळं त्यात. पण तिले रजिस्टर उघडायची गरजच पडत नव्हती. अवो बाई, माझ्या पोराचा जन्म कोणत्या वारी झाला हे मले आठवत नाही, तिले आठवे!

पगाराचं म्हणाल, तर त्याले पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं, असं साहेब लोक सांगत. अश्वजित होता तोवर कसंबसं चाललं. तो काविळीनं गेला तेव्हा त्याची पोरगी मनाली सातवीत होती. त्याच मानधनात मंगलाबाईनं पोरीले बी.ए. केलं, अन् वरून लहान लेकरायले शिकवायचा कोर्स बी तुमसरले करवला. पोरीले म्हणे, "मी दरी-सतरंजी झटकली, तू खुर्चीवर बसून शिकव."

अन् खुर्च्या तर निघूनच राहिल्या होत्या, बाप्पा! तुमसरात पाहा, सिहोऱ्यात पाहा, पार साकोलीपर्यंत जा, रोडच्या बाजूले बोर्डच बोर्ड. नर्सरी, केजी, प्ले स्कूल, आमच्याकडं सगळ्यायले कॉन्व्हेंटच म्हणतात. अन् खाली लिहिलेलं, मॅडम पाहिजेत. लोक म्हणत, आता पोरीयले काय नोकऱ्या आल्या हो! आल्या ना. महिन्याचे साडेतीन हजार, उन्हाळ्याचे दोन महिने काहीच नाही, अन् साडी स्वतःची. धान कापाले जाणारी बाई त्याच्याहून जास्त घरी आणते. पण तिले कोणी मॅडम म्हणत नाही, अन् तिथंच आमच्या पोरी फसतात.

मनालीले सिहोऱ्याच्या एका कॉन्व्हेंटात जागा मिळाली. पहिल्या दिवशी मोरपंखी साडी नेसून ती मले दाखवाले आली. "मावशी, कशी दिसते?" मी म्हटलं, "साहेबीणच दिसते पोरी." खोटं नाही बोलली मी. सोबत आलेल्या मंगलाबाईच्या डोळ्यात पाणी आलं होतं अन् ती उगीच माझी चूल फुंकत बसली होती.

वर्ष बरं गेलं. मनाली लेकरायले चांगलं शिकवे, आईचाच हात होता तिचा. मंग एप्रिल आला अन् कॉन्व्हेंटच्या सरनं सगळ्या मॅडमायले ऑफिसात बोलावलं. प्रत्येकीनं बारा लेकरं आणायची. बारा ॲडमिशन झाली तर जूनमधी या, नाही तर येऊ नका. तुम्ही म्हणाल, असं कुठं असते का? आमच्याकडं सगळीकडं असंच असते. एप्रिल-मे आला की भर उन्हात छत्री घेऊन, पर्स अडकवून गावोगाव फिरणाऱ्या पोरी दिसतात ना, त्या पावण्या नाहीत, मॅडम आहेत. लेकरं शोधून राहिल्या असतात.

मनाली वीस दिवस फिरली. पायाले फोड आले. सगळ्या गावात तिच्या आधी दुसऱ्या कॉन्व्हेंटच्या पोरी जाऊन आलेल्या. दोन लेकरं मिळाली फक्त. एका दुपारी ती घरी येऊन आईच्या मांडीत डोकं घालून रडली. मी तिथंच बसली होती. "आई, शिकवणं येते मले. हे घरोघर मागणं नाही येत."

मंगलाबाई तिच्या केसातून हात फिरवत राहिली. मंग उठली, अंगणवाडीच्या खोलीची किल्ली घेतली अन् सर्व्हेचं रजिस्टर घरी घेऊन आली.

मी म्हटलं, "बाई, काय करून राहिल्या तुमी? आपल्याच लेकरायची नावं तिले देता का?"

"सगळी नाही वो. पाच वर्षाचे झाले त्यायची. ते तसे बी पहिलीत जातील."

"कॉन्व्हेंटवाला काय पाच वर्षाचेच घेते का? त्याले तीन वर्षाचे पाहिजे. अंगणवाडीत कोण बसल मंग?"

"होतील ना वो दुसरे. गावात लेकरं होणं बंद झालं का?"

"आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेता बाई तुमी!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "कलाबाई, माझं अर्ध्याहून जास्त झालं आता. तिचं सगळं आयुष्य पडलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी दोघी निघाल्या. मनाली पर्स घेऊन पुढं, मंगलाबाई पदर डोक्यावर घेऊन मागं. ज्या दारात बावीस वर्षापूर्वी तिले कोणी बस म्हणत नव्हतं, तिथं आता खाट टाकून पाणी देत होते. ती फक्त म्हणे, "माझी पोरगी शिकवते तिथं. मी सांगते म्हणून पाठवा." झालं. सेविकाच सांगते अंगणवाडी सोडून तिथं पाठवा, तर लोक कायले थांबतील? पाच वर्षाचे तीनच निघाले. मंग चार वर्षाचे झाले. मंग तीनचे. रजिस्टरची पानं उलटत गेली अन् सरनं दिलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत नऊ नावं झाली. तिची नऊ अन् मनालीची दोन. अकरा. एक कमी.

त्या दिवशी संध्याकाळी मनाली माझ्या ओट्यावर येऊन बसली. मागितलं काहीच नाही. माझी नात गुड्डी तिच्या मांडीवर चढली अन् पर्सची चेन उघड-बंद करू लागली. मनाली माझ्या डोळ्यासमोर वाढलेली. मंगलाबाई मीटिंगले तुमसरले जाई तेव्हा ती माझ्याच चुलीपाशी जेवे. अन् सगळं खरं सांगायचं तर माझ्या पोराले, हेमराजले, कधीपासूनचं वाटत होतं का गुड्डीनं टाय लावून व्हॅनमधी बसावं. मले बी वाटत होतं. अंगणवाडीच्या मदतनीसची नात इंग्रजीत गाणं म्हणंल! मी म्हटलं, "लिही हिचं नाव."

बारावं नाव मीच दिलं. रोज खिचडी शिजवणाऱ्या बाईनं. धोंडा धोंडा म्हणून ओरडत होती अन् शेवटचा धोंडा मीच उचलून टाकला.

जूनमधी पिवळी व्हॅन गावात येऊ लागली. मनाली पुढच्या सीटवर, मागं आमची लेकरं. पहिल्या दिवशी गाव गोळा झालं पाहाले. अंगणवाडीत तेवीस लेकरं होती, त्यातली दहा त्या गाडीत गेली. मंग बाकीच्यायले चैन पडेना. शेजाऱ्याचं जाते तर आमचं काहून नाही जात? काही सिहोऱ्याच्या दुसऱ्या कॉन्व्हेंटात गेली, त्यायची बी व्हॅन आली. दिवाळीपर्यंत आमच्या दरीवर सात-आठच उरली. मंगलाबाई मात्र रोज दोन्ही दऱ्या अंथरे. मी म्हणत होती, "एकच पुरते बाई." तरी दोन्ही अंथरे अन् गाणं बी पहिल्याएवढ्याच जोरात म्हणे. मले तिथं उभं राहवत नव्हतं, मी उगीच भांडे आदळत बसत होती.

सुपरवायझर मॅडम हिवाळ्यात आल्या. त्या वाईट नव्हत्या, हे बी सांगते. लेकरं मोजली, रजिस्टर पाहिलं, मोबाईलमधी फोटो काढला. म्हणाल्या, "मंगलाबाई, एवढी नावं आहेत गावात, मंग लेकरं कुठं आहेत?"

मंगलाबाईले खोटं बोलता येत होतं. ताप आहे जी, मामाच्या गावाले गेले जी. गावानं तिलेच शिकवलं होतं ते. पण ती म्हणाली, "कॉन्व्हेंटात जातात मॅडम. मीच पाठवली."

मॅडमनं पेन बंद केला.

फेब्रुवारीत कागद आला. आमची अंगणवाडी नहराच्या पलीकडच्या अंगणवाडीत जोडली. तिथं सेविका आहे, मदतनीस बी आहे. आमचं काय, तर पाहू म्हणाले, कुठं जागा निघाली तर कळवू, तोवर घरी राहा. अजून पाहूनच राहिले आहेत. शेवटच्या दिवशी आम्ही दोघींनी वजनकाटा, खिचडीचा गंज, दऱ्या, खेळणे सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. भिंतीवर तिनं काढलेला मोर होता, तो कसा चढवणार? ती त्याच्यासमोर थोडी उभी राहिली अन् मंग कुलूप लावलं. मी रडली. मोठ्यानं रडली, लाजली नाही. ती म्हणाली, "मनालीचं तर झालं ना वो." बस, तेवढंच धरून बसली होती बाई.

अन् एप्रिल आला. सरनं पुन्हा मॅडमायले ऑफिसात बोलावलं. पुन्हा बारा.

आता कुठून आणते बारा? गावात होती ती मागल्या वर्षीच देऊन टाकली होती, नवीन तीनचे होणारे चारच होते. मनालीनं सरले सांगितलं, "सर, मागल्या वर्षीची माझी सगळी लेकरं टिकली आहेत, एक बी सुटलं नाही." सर म्हणाला, "ते तर आता आपलेच झाले. नवीन सांगा." तिनं ती चार नावं सांगितली. सर गोड बोलला, चहा पाजला अन् म्हणाला, जूनमधी येऊ नका.

मले हे समजलं तेव्हा मी चप्पल घालून सिहोऱ्याले निघाली होती त्याच्याशी भांडाले. हेमराजनं हात धरला. "माय, गुड्डी तिथंच शिकते." हे ऐकलं अन् मी चप्पल काढून ठेवली. पाहा, माझं भांडण बी सरनं फीमधी जमा करून घेतलं होतं.

मे महिन्यात मंगलाबाई अन् मनाली बिडीचा तेंदूपत्ता तोडाले जाऊ लागल्या. पहाटे जंगलात, दुपारी ओसरीत बसून पुडके बांधायचे. बी.ए. झालेली पोरगी, पानं मोजून दोरीनं बांधून राहिली. मी बी दुपारी हात लावाले जात होती, गुड्डी सोबत येई. एक दिवस आम्ही अशाच बसलो होतो, अन् अंगणात एक पोरगी येऊन उभी राहिली. वीस-बावीस वर्षाची असंल. छत्री, पर्स, घामानं पावडर ओघळलेली, पायात नवीन चप्पल अन् टाचेले पट्टी चिकटवलेली.

"काकू, तुमच्याकडं तीन-चार वर्षाचं लेकरू आहे का?" तिनं विचारलं अन् मंग घाईनं नाव सांगितलं. रीना. बाजूच्याच गावची. कॉन्व्हेंटात लागणार होती. कोणत्या कॉन्व्हेंटात, ते आम्हाले विचारायची गरजच नव्हती, मागल्या वर्षी मनालीनं घरोघर फिरवले होते त्याच रंगाचे कागद तिच्या हातात होते. "जागा निघाली आहे एक. पण आधी बारा लेकरं आणा म्हणाले सर."

गुड्डीनं ते कागद ओळखले. जवळ जाऊन म्हणाली, "तू आमची नवीन मॅडम का?"

"हो," ती पोरगी हसून म्हणाली. "होईन बहुतेक."

मनालीचे हात थांबले. मंग पुन्हा पानं जुळवू लागली, मान वर न करता. मी उठणारच होती. माझ्या तोंडात अशा शिव्या आल्या होत्या का त्या पोरीनं छत्री सोडून पळावं. पण मंगलाबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला अन् तिले म्हणाली, "सावलीत ये पोरी. पाणी पी आधी."

पोरगी पाणी प्याली. मंगलाबाईनं विचारलं, "किती झाले?"

"एकच," ती म्हणाली अन् टाचेची पट्टी नीट केली. "सगळ्या गावात कोणी ना कोणी आधीच येऊन गेलं आहे काकू."

मंगलाबाईनं डोळे मिटले. रजिस्टर तर केव्हाच ट्रॅक्टरवर गेलं होतं, पण तिले ते कधी लागलं होतं? "कवडूच्या घरी एक नात आहे, दहा जूनले तीन वर्षाची होते. बोरिंगपाशी बाबुलालचं घर, त्याचा नातू ऑगस्टमधी तीनचा होईल. अन् रंभाबाईच्या पोरीचं लेकरू इथंच राहते आता, ते साडेतीनचं आहे." ती पोरगी पटापटा लिहून घेऊ लागली.

मले राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "काहून सांगता बाई? आपल्या पोरीच्या जागेवर बसाले आली ती."

"तिची बी माय घरी वाट पाहत असंल," मंगलाबाई म्हणाली.

मनालीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. रीनाले म्हणाली, "सरकडून लिहून घे, का पुढल्या वर्षी बी ठेवतील."

"लिहून देतात का?" तिनं खरोखरच विचारलं. मनालीनं कोरं तोंड करून दोरीची गाठ मारली.

पोरगी उठली, छत्री उघडली. कवडूचं घर कुठं, तिले ठाऊक नव्हतं. मी सांगणार नव्हतीच. पण गुड्डीनं तिचं बोट धरलं. "चाल मॅडम, मी दाखवते." अन् निघाल्या दोघी, भर उन्हात. गुड्डी तिले काहीतरी सांगत होती, उड्या मारत चालत होती. मले वाटलं हाक मारावी, पण काय म्हणून मारू?

मंगलाबाई वळणापर्यंत त्यायले पाहत राहिली. मंग तेंदूची पानं हातात घेतली, चार-पाच जुळवली अन् एकदम थांबली.

"अवो कलाबाई," ती म्हणाली, "श्यामरावच्या घरचं सांगाचं राहिलंच ना. बोलवा बरं तिले."